कृती एकाची, दोष किती जणांचा?



गेल्या दिवाळीच्या सुट्टीत एक माऊली माझ्या घरी आली. तिचा मुलगा काही वर्षांपूर्वी माझ्या हाताखाली शिकून गेलेला. मुलगा शांत होता आणि मित्रांत रमणारा होता. जवळच्या एका जत्रेत दोन टोळक्यांत बाचाबाची झाली, बाचाबाचीचे पर्यवसान मारामारीत झाले आणि एका तरुणाच्या काठीने समोरच्याचा हात मोडला. काठी मारणारा एकच होता. परंतु फिर्यादीत नावे मात्र चौघांची लागली. माऊलीने पदराआडून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. कागद हिंदीत होता आणि चारी नावांसाठी कलमांचे आकडे तेच होते.

"बाई, माझ्या पोराने हात उचलला नाही. तो नुसता उभा होता. मग मारणाऱ्याला जे कलम, तेच याला का?"

मी तिला चांगल्या वकिलाकडे जाण्यास सांगितले. मी भाषा आणि इतिहास शिकविणारी. कायद्याची पदवी माझ्यापाशी नाही. परंतु तिचा प्रश्न काही केल्या मनातून जाईना. उरलेली सुट्टी मी जुने न्यायनिर्णय वाचण्यात घालविली. त्या वाचनातून जे उमगले ते तुमच्यापुढे ठेवीत आहे. कारण हा प्रश्न आज त्या माऊलीचा असला, तरी उद्या तो तुमच्यापैकी कोणाच्याही दारी उभा राहू शकतो.

प्रथम मूळ तत्त्व पाहू. ज्याने अपराध केला त्यानेच शिक्षा भोगावी, हे न्यायाचे पहिले सूत्र होय. बापाच्या अपराधासाठी मुलाला किंवा एका गावकऱ्याच्या अपराधासाठी सबंध गावाला दंड करणे आपण आज रानटीपणाचे मानतो. फौजदारी न्यायालय प्रत्येक आरोपीला पृथक् उभे करते आणि विचारते, "तू काय केलेस? आणि ते करताना तुझ्या मनात काय होते?" कृती आणि मन या दोन गोष्टी जुळल्या म्हणजेच सामान्यतः अपराध सिद्ध होतो.

परंतु माणसे पुष्कळदा एकट्याने वागत नाहीत. आपल्या मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीचेच उदाहरण घ्या. एक डंपर भरून खनिज वर आले, ते कोणी काढले? एकाने खडकाला भोके पाडली, दुसऱ्याने सुरुंग उडविला, तिसऱ्याने यंत्राने दगड भरले आणि चौथ्याने ते वाहून आणले. "मी तर नुसता सुरुंग उडविला, खनिज मी काढले नाही," असे दुसरा म्हणू लागला तर आपण हसू. काम एक होते आणि त्याचे भाग अनेक होते. सत्कार्याच्या बाबतीत जे खरे, तेच दुष्कृत्याच्या बाबतीतही खरे ठरते. चौघांनी ठरवून दरोडा घातला, एकाने दार फोडले, दुसऱ्याने पहारा केला, तिसऱ्याने सुरा चालविला आणि चौथ्याने पेटी उचलली, तर पहारेकऱ्याला निर्दोष कसे म्हणावे? आणि अंधारात पाचांनी मिळून एकाला मारले व प्राण घेणारा घाव नेमका कोणाचा हे कळलेच नाही, तर सगळ्यांनाच सोडून द्यावे काय? मृताच्या घरच्यांना न्याय कोणी द्यावा?

या पेचातून मार्ग काढण्यासाठी १८६० च्या भारतीय दंड संहितेत ३४ वे कलम घालण्यात आले. त्याचा आशय थोडक्यात असा : सर्वांचा समान इरादा पुरा करण्यासाठी अनेकांनी मिळून एखादे अपराधी कृत्य केले, तर त्यांतील प्रत्येक जण, जणू ते कृत्य त्याने एकट्यानेच केले असावे, असा जबाबदार ठरतो. यातील 'समान इरादा' हे शब्द मुळात नव्हते. ते १८७० साली दुरुस्तीने घालण्यात आले, आणि पुढील सर्व वाद त्याच दोन शब्दांभोवती फिरला. १ जुलै २०२४ पासून जुन्या संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. तीत हाच नियम कलम ३, पोटकलम ५ म्हणून आला आहे. माऊलीच्या कागदावर इतर कलमांच्या जोडीला तोच आकडा होता. वर्तमानपत्रांत 'संगनमताने' हा शब्द आपण वाचतो. त्याच्या मागेही बहुधा हेच कलम असते.

आता अपिलांकडे वळू. खालच्या न्यायालयाने दिलेला निर्णय वरच्या न्यायालयाने पुन्हा तपासणे म्हणजे अपील. आपल्या बालाघाट जिल्ह्याच्या सत्र न्यायालयातील अपिले पूर्वी नागपूरच्या उच्च न्यायालयात जात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि तेव्हापासून ती जबलपूरला जातात. त्यावर आज दिल्लीचे सर्वोच्च न्यायालय आहे. १९४९ पर्यंत अखेरचा शब्द लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलचा असे. 'समान इरादा' म्हणजे काय, हे या वरच्या न्यायालयांनी एकेका माणसाच्या प्राणाची तुला हाती धरून ठरविले आहे.

पहिला प्रसंग कलकत्त्याचा. ३ ऑगस्ट १९२३ रोजी शंकारीटोला येथील टपाल कचेरीत पोस्टमास्तर पैसे मोजीत बसले असता काही माणसे दारात आली. त्यांनी पैसे मागितले आणि लगोलग पिस्तुले झाडली. पोस्टमास्तर मरण पावले. पळणाऱ्यांपैकी बरेंद्रकुमार घोष हा हाती पिस्तूल असतानाच पकडला गेला. त्याचे म्हणणे असे, की आपण बाहेर अंगणात उभे होतो आणि गोळी आपण झाडलीच नाही. प्रिव्ही कौन्सिलने सांगितले, की तो बाहेर उभा असला तरी त्याची सुटका होत नाही. कारण ३४ व्या कलमातील 'कृत्य' म्हणजे एकट्याची हालचाल नसून सर्वांच्या वर्तनाचा मिळून झालेला एक व्यापार आहे. ठरलेल्या कामात पहारा देणारा हाही त्या कामाचा कर्ताच होय.

एवढेच वाचून थांबलो, तर 'नुसता उभा होतो' या सबबीला काहीच अर्थ नाही असे वाटेल. परंतु वीस वर्षांनी तोलाचे दुसरे पारडे पुढे आले. सिंधू नदीच्या काठी बोरू कापून नावेतून नेण्यावरून १९४३ साली तंटा झाला. आरडाओरडा ऐकून दोघे जण बंदुका घेऊन धावत आले. एकाच्या गोळीने एक माणूस ठार झाला. दुसऱ्याने, म्हणजे महबूब शहाने, झाडलेल्या गोळीने वेगळाच माणूस जखमी झाला. ठार करणारा फरारी झाला, आणि लाहोरच्या उच्च न्यायालयाने महबूब शहाची खुनाची शिक्षा कायम ठेविली. १९४५ साली प्रिव्ही कौन्सिलने ती रद्द केली. निर्णय लिहिणारे सर माधवन नायर यांनी एक सूक्ष्म परंतु मोलाचा भेद दाखविला. दोघांच्या मनात 'सारखा' इरादा असणे वेगळे आणि दोघांचा मिळून 'समान' इरादा असणे वेगळे. आगगाडीच्या एकाच डब्यात दोन प्रवासी नागपूरला जात असतात. त्यांचे गंतव्य सारखे असते, पण म्हणून ते एकत्र निघालेले सोबती ठरत नाहीत. समान इरादा सिद्ध होण्यासाठी मनांची आधी गाठ पडलेली असली पाहिजे.

माझी मातृभाषा कोंकणी. आमच्याकडे सोबतीला 'सांगात' म्हणतात. लहानपणी आई मला बजावीत असे, की सांगात बघून धर. तिचा उपदेश नीतीचा होता. कायद्याचा प्रश्न त्याहून अरुंद आहे : नुसता सांगात होता, की संगनमत होते? वाईट संगतीबद्दल आई रागावू शकते. न्यायालय मात्र केवळ संगतीबद्दल शिक्षा देऊ शकत नाही.

तिसरा प्रसंग आपल्या अधिक जवळचा आहे. मराठवाडा ज्यात होता त्या तेव्हाच्या हैदराबाद राज्यात डिसेंबर १९५० मध्ये शेतावर गेलेल्या एका माणसावर पाच जणांनी कुऱ्हाडी व काठ्या घेऊन हल्ला केला. तो जागीच मरण पावला. सत्र न्यायालयाने पाचांनाही फाशी सांगितली. उच्च न्यायालयात दोन न्यायाधीशांचे एकमत झाले नाही, म्हणून प्रकरण तिसऱ्याकडे गेले. अखेर तिघांची फाशी कायम राहिली. हे तिघे सर्वोच्च न्यायालयात आले. त्यांतील पहिल्याच्या नावावरून हा खटला 'पांडुरंग विरुद्ध हैदराबाद राज्य' म्हणून विधिग्रंथांत ओळखला जातो.

निर्णय लिहिला न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी. ते १९४९ ते १९५१ या काळात नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. म्हणजे बालाघाटची अपिले ज्या न्यायालयात जात, त्याच न्यायालयाच्या शिरोभागी त्यांनी काम केले होते. डिसेंबर १९५४ च्या या निर्णयात त्यांनी तिघांचा विचार पृथक् पृथक् केला. पांडुरंगाच्या कुऱ्हाडीचा घाव डोक्यावर बसला होता, पण प्राण घेणारे घाव इतरांचे होते. तेव्हा त्याला खुनी ठरवावयाचे तर समान इरादा सिद्ध झाला पाहिजे. पाच जणांनी एकाच वेळी मारले, एकाच वेळी पळ काढला. एवढ्यावरून 'त्यांनी आधी ठरविले होते' असे निश्चित म्हणता येईल काय? न्यायमूर्तींचे उत्तर नकारार्थी आले. एकाच वेळी पाच जणांनी आपापल्या रागाने मारणे हेही तितकेच शक्य होते. पाच जणांच्या बेकायदेशीर जमावासाठी निराळे कलम असते, परंतु तो आरोप त्यांच्यावर ठेवलेलाच नव्हता. म्हणून पांडुरंग खुनाच्या आरोपातून मुक्त झाला. मात्र स्वतःच्या हातून घडलेल्या गंभीर दुखापतीबद्दल त्याला दहा वर्षे सक्तमजुरी मिळाली. उरलेल्या दोघांचे घाव प्राणघातक होते, म्हणून त्यांचा खुनाचा दोष कायम राहिला; परंतु उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांतच मतभेद झालेला असल्याने त्यांची फाशी रद्द होऊन जन्मभर काळ्या पाण्याची शिक्षा झाली. तिघांपैकी एकही निर्दोष सुटला नाही, आणि तिघांपैकी एकही फासावर गेला नाही. प्रत्येकाच्या पदरात ज्याचे त्याचे माप पडले.

या निर्णयातील आणखी एक वाक्य विसरू नये. इरादा जुळण्यास फार वेळ लागतो असे नाही. एकाने "या रे, याला संपवू" अशी हाक दिली आणि बाजूचे शब्दाने वा कृतीने होकार देऊन सामील झाले, तर त्या क्षणी मनांची गाठ पडते. तेव्हा 'आम्ही आधी काही ठरविले नव्हते' ही सबब प्रत्येक वेळी उपयोगी पडत नाही.

चौथा प्रसंग महाराष्ट्रातला असून त्यात गणिताची गंमत आहे. एका खुनाच्या प्रकरणात चौघांवर समान इराद्याचा आरोप होता. सत्र न्यायालयाने चौघांनाही सोडले. सरकार अपिलात गेले. मुंबई उच्च न्यायालयाने तिघांना संशयाचा फायदा दिला आणि एकट्या कृष्णा गोविंद पाटील याला 'इतरांच्या समान इराद्यात' दोषी धरले. १९६३ साली सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी साधा प्रश्न विचारला : आरोप चौघांचाच होता; पाचवा, सहावा, अज्ञात असा कोणी होता असा पुरावा नाही; तिघे सुटले; मग उरलेल्या एकाचा इरादा समान होता तो कोणाशी? टाळी वाजण्यास दोन हात लागतात, इरादा समान होण्यास दोन मने लागतात. पाटील सुटला.

आता शारीरिक उपस्थितीचा प्रश्न घेऊ. पुण्याजवळील देहूरोड येथील सरकारी भांडारातून माल बाहेर गेल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९५४ च्या डिसेंबरातच सांगितले, की समान इराद्यासाठी आरोपी प्रत्यक्ष कृत्याच्या वेळी हजर असला पाहिजे. ज्यूरीला हे नीट समजावून दिले गेले नाही म्हणून तेथील दोषसिद्धी टिकली नाही. परंतु १९६० साली मुंबईच्या एका कापड रंगविणाऱ्या कारखान्याच्या दोन संचालकांच्या अपिलात न्यायालयाने या नियमाला मुरड घातली. मारामारी वा खून यांसारख्या कृत्यात साथीदाराची उपस्थिती हा सहभागच असतो. परंतु सोपविलेल्या मालाच्या अपहारासारखा अपराध निरनिराळ्या दिवशी निरनिराळ्या जागी तुकड्यातुकड्यांनी होऊ शकतो, तेथे सर्वांनी एका ठिकाणी हजर असणे आवश्यक नाही. नियम तोच राहिला, पण अपराधाच्या जातीप्रमाणे त्याचे माप बदलले. वरची न्यायालये कायद्याचा अर्थ कसा हळूहळू घडवीत जातात, याचा हा उत्तम नमुना होय.

जमावाचे कलम मात्र याहून कडक आहे. पाच किंवा अधिक माणसे बेकायदेशीर उद्दिष्टाने जमली आणि ते साधण्यासाठी त्यांतील एकाने अपराध केला, तर त्या वेळी जमावात सभासद म्हणून असलेला प्रत्येक जण त्या अपराधाचा धनी होतो. अपराध होण्याचा संभव आहे हे सभासदांना ठाऊक होते, एवढेही येथे पुरे होते. जुन्या संहितेतील हे १४९ वे कलम. नव्या संहितेत ते १९० वे आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली स्पष्ट केले, की जमावाचा सभासद ठरलेल्या प्रत्येकाने स्वतः हात उचललाच असला पाहिजे असे नाही. मात्र रस्त्याने जाणारा, गोंगाट ऐकून थबकलेला, केवळ पाहणारा माणूस सभासद ठरत नाही. म्हणूनच जिथे नावांची यादी लांबलचक असते, तिथे न्यायालयाने साक्षीपुरावा अधिक बारकाईने पारखावा, अशी दक्षता वरची न्यायालये सांगत आली आहेत. वैराच्या भरात घरातील सगळ्या पुरुषांची नावे फिर्यादीत गोवण्याची खोड आपल्याकडे काही नवी नाही.

या सर्वांतून मला जे सार दिसले ते असे. समूहाच्या आड लपून अपराध्याने सुटू नये, म्हणून कायदा अनेकांना एका दोरीने बांधतो. परंतु ती दोरी केवळ शेजारी उभे राहण्याने बांधली जात नाही. मने जुळली होती, हे पुराव्याने दाखवावे लागते. ते दाखविण्याचे ओझे सरकारपक्षावर असते, आरोपीवर नव्हे. आणि मन तर कोणी उघडून पाहू शकत नाही! म्हणून न्यायालय वर्तनाकडे पाहते : माणसे एकत्र आली काय, हत्यारे घेऊन आली काय, कोणी कोणास चिथावले, कोणी वाट अडविली, कोणी आवरले, कोणी जखमीला पाणी पाजले आणि कोण कोणाबरोबर पळाले.

सुट्टी संपण्यापूर्वी ती माऊली पुन्हा आली, या खेपेस मुलाला घेऊन. मी निकाल सांगणारी कोण? मी त्याला फक्त चार प्रश्न विचारले. जत्रेला निघताना काठी कोणाच्या हातात आहे हे तुला दिसले होते का? भांडण्यासाठीच जायचे असे कोणी म्हणाले होते का? काठी उगारली तेव्हा तू काय केलेस? नंतर तू कुठे गेलास? पहिल्या दोहोंना त्याने "नाही" म्हटले. तिसऱ्या प्रश्नाला तो बराच वेळ गप्प राहिला. मग हळूच म्हणाला, "बाई, मी काहीच केले नाही. 'मारू नको' एवढेही म्हणालो नाही." आईने मान खाली घातली. मी त्यास सांगितले, की हे सारे जसेच्या तसे वकिलांना सांग. त्यात आपल्या पदरची एक ओळही घालू नकोस किंवा गाळू नकोस. ते प्रकरण अद्याप न्यायालयापुढे आहे, म्हणून त्यासंबंधी अधिक लिहिणे उचित नव्हे.

मात्र त्या दिवसापासून वर्गातील माझी एक सवय सुटली. फळ्यावर कोणी व्यंग्यचित्र काढले आणि नाव पुढे आले नाही, की सबंध वर्गाला उभे करणारी मीही एक होते. चाळीस मुलांत इरादा किती जणांचा होता, हे मी कधी विचारलेच नव्हते. न्यायमूर्ती बोस यांनी फाशीच्या छायेत उभ्या असलेल्या तिघांचा विचार तीन वेळा केला. मला वर्गातल्या चाळिसांचा विचार एकदाही करावासा वाटला नव्हता!

मुलांनो, तुमच्यासाठी यातून एकच गोष्ट सांगते. मित्रांच्या घोळक्यात उभे असताना कोणाचा हात उठताना दिसला, तर 'मी नुसता उभा होतो' ही सबब उद्यासाठी जपून ठेवू नका. त्या क्षणी तो हात धरा. ते जमत नसेल तर "थांब" असे मोठ्याने म्हणा. तेही जमत नसेल तर तिथून निघा आणि मोठ्या माणसांना बोलवा. न्यायालयात तुमच्या मनाची साक्ष देणारी तुमची कृतीच असते. आणि न्यायालयापर्यंत गोष्ट गेली नाही, तरी ज्याचा हात मोडता मोडता वाचेल, त्याची आई तुम्हाला दुवा देईल.